अर्ध्या दिवसाचा हक्क

'कामावर रुजू होण्यास योग्य.' हृदयाच्या आजाराने घरी बसलेल्या माणसाच्या उरलेल्या नोकरीचा निकाल आपल्याकडे या चार शब्दांवर लागतो. हे शब्द कागदावर मिळाले की माणूस दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर, पूर्ण आठ तास, त्याच मशीनवर. नाही मिळाले तर घरी, बिनपगारी. हार्ट फेल्युअरचं निदान झालेला माणूस सुरुवातीचे कित्येक महिने या दोन्हींत बसत नाही. आठ तास उभं राहण्याइतका दम त्याच्यात आलेला नसतो, आणि कायमचं घरी बसावं इतका तो खचलेलाही नसतो. चार तास, बसून, दिवसाच्या पाळीत तो चोख काम करू शकतो. पण अशा चार तासांना आपल्या कायद्यात जागा नाही, पगारपत्रकात नाही आणि डॉक्टरांच्या छापील फॉर्मवरही नाही. ती असायला हवी, आणि साहेबांची मर्जी म्हणून नव्हे तर हक्क म्हणून असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कामगारांची रजेची, ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेची, मेडिकल बोर्डाची प्रकरणं मी बरीच वर्षं पाहतो आहे. प्रेसखाली बोट गेलं तर काय करायचं हे इथे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. हृदय अशक्त झालं तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. ना कामगाराला, ना सुपरवायझरला, ना पर्सोनेल खात्याला. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे एक तर माणूस ढोंगी ठरतो किंवा आज ना उद्या मरणारा ठरतो.

म्हणून आधी आजाराबद्दल. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाचा पंप अशक्त किंवा ताठर होतो, शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलू शकत नाही आणि पाणी मागे तुंबतं. पायांवर सूज येते, चालताना धाप लागते, रात्री सपाट झोपलं की जीव घाबरा होतो. आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत मुळाशी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असतो, बरेचदा आधी येऊन गेलेला हार्ट अटॅक. त्याखेरीज वर्षानुवर्षं अंगावर काढलेला रक्तदाब, झडपांचा विकार, दारू, कॅन्सरची काही औषधं, एखादा विषाणू.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्या रिपोर्टवर ईएफ नावाचा एक आकडा येतो. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, ते हा आकडा सांगतो. निरोगी हृदयही भरलेलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५० ते ७० टक्के टाकतं. हे माहीत नसल्याने 'ईएफ ३०' वाचलं की घरचे हादरतात आणि कंपनीतले मॅनेजर समजतात की या माणसाचं हृदय तीस टक्केच उरलंय. प्रत्यक्षात एकाच ईएफचे दोन रुग्ण समोरासमोर उभे केले तर एक दोन मजले चढून येतो आणि दुसऱ्याला न्हाणीघरापर्यंत जाताना दम लागतो. डॉक्टर म्हणूनच आकड्याबरोबर माणसाला काय झेपतं हेही पाहतात आणि रुग्णांच्या चार श्रेणी करतात. पहिल्या श्रेणीतल्याला रोजच्या कामात काही त्रास होत नाही; चौथीतल्याला बसल्या जागी धाप लागते. नोकरीचा निर्णय या श्रेणीवर आणि कामाच्या स्वरूपावर व्हायला हवा. इकोच्या एका आकड्यावर माणसाला 'अनफिट' काढणं म्हणजे अर्धाच रिपोर्ट वाचणं.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. या आजारावर आज औषधांचे चार गट आहेत. चारही एकदम पूर्ण मात्रेत देता येत नाहीत. छोट्या मात्रेने सुरुवात करून, रक्तदाब, किडनी आणि पोटॅशियम तपासत, काही आठवड्यांच्या टप्प्यांनी ती वाढवावी लागतात. बीटा ब्लॉकर गटातल्या औषधांनी तर सुरुवातीला थकवा वाढतो, चक्कर येते, आणि माणसाला वाटतं की औषधानेच आपण बिघडलो. काही महिन्यांनी चित्र पालटतं. अनेकांची ईएफ वर येते, काहींची जवळजवळ पूर्ववत होते. हृदयाची लय धोकादायक रीतीने बिघडली तर झटका देऊन ती सुरळीत करणारं आयसीडी नावाचं यंत्र छातीत बसवायचं की नाही, हे ठरवण्याआधी डॉक्टर साधारणपणे किमान तीन महिने पूर्ण औषधोपचार करतात आणि मग पुन्हा इको काढतात. वैद्यकशास्त्र ज्या माणसाबद्दल तीन महिने निकाल राखून ठेवतं, त्याच्या नोकरीचा निकाल कंपनी पाचव्या-सहाव्या आठवड्यात लावून मोकळी होते. उपचाराच्या सगळ्यात वाईट टप्प्यात माणसाला तोलायचं आणि तेच त्याचं कायमचं वजन धरायचं, याला न्याय म्हणता येणार नाही.

एका प्रकरणाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ओळख पटेल असं काही सांगत नाही. एका सुट्या भागांच्या कारखान्यातला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर, चाळिशी ओलांडलेला. हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, तरी हृदयाचा बराच स्नायू गेला होता. तीन महिन्यांनी 'फिट' लिहिलेला कागद घेऊन तो कामावर आला. सुपरवायझर त्याच्या पोराच्या वयाचा. "काका, फिट आहात ना? मग घ्या मशीन." त्यात त्या मुलाचीही चूक नव्हती; त्याच्या हातातल्या कागदावर दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं.

अंगातलं पाणी काढणारी गोळी सकाळी घ्यायची असते. ती घेतली की पुढचे दोन-तीन तास सारखं लघवीला जावं लागतं. शेडच्या एका टोकाला याचं मशीन, दुसऱ्या टोकाला मुतारी, आणि दर खेपेला मशीन थांबवल्याची नोंद. त्याने पहिल्या पाळीच्या दिवशी गोळी दुपारवर ढकलायला सुरुवात केली, मग काही दिवस गाळलीच. कँटीनच्या जेवणात मीठ किती याचा हिशेब कुणाकडे असणार? आठवडा संपता संपता पाळी सुटताना त्याच्या सेफ्टी शूजच्या नाड्या पुऱ्या पडेनात, इतके पाय सुजले. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, हे त्याला डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं. पण वजनकाटा घरी नव्हता आणि कंपनीच्या फर्स्ट एड रूममधला काटा बिघडलेला होता. तो पुन्हा दाखल झाला. परत आल्यावर कंपनीने सांगितलं की संधी दिली होती, जमत नाही. स्वेच्छानिवृत्ती (व्हीआरएस) घ्या.

त्या माणसाला काय लागलं असतं? पहिले काही आठवडे चार तास. जनरल शिफ्ट. इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळ एक खुर्ची. मुतारीच्या जवळची जागा. चालू वजनकाटा. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. त्याचं काम हृदयामुळे गेलं असं मी मानत नाही. त्याच्या कागदावर एकच शक्यता लिहिलेली होती, म्हणून ते गेलं.

आपल्या देशात हा प्रश्न इतरांपेक्षा मोठा आहे, कारण आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो. तिरुवनंतपुरमच्या नोंदींमध्ये रुग्णांचं सरासरी वय ६१ च्या आसपास आलं, देशभरातल्या रुग्णालयांच्या राष्ट्रीय नोंदीत ६० च्या आसपास. पाश्चात्त्य देशांत ते याहून सुमारे दहा वर्षांनी जास्त असतं. सरासरीच साठ म्हटल्यावर कितीतरी रुग्ण पन्नाशीतले, चाळिशीतले आहेत हे उघड आहे. मुलांची शिक्षणं चालू असतात, घराचे हप्ते चालू असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्च निघतो, आणि तो मोठा आधार आहे. पण दर महिन्याच्या गोळ्या आणि बुडालेला पगार त्या योजनेच्या बाहेर राहतो. या चार गटांतल्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधाचं पेटंट २०२० मध्ये संपलं, स्वस्त कंपन्यांच्या गोळ्या आल्या, तरी चार गटांची औषधं जन्मभर घ्यायची तर हातात नियमित पगार लागतो. नोकरी गेली की औषधाला कात्री लागते, आणि औषध तुटलं की माणूस पुन्हा रुग्णालयात. नोकरी टिकवणं हा या आजाराच्या उपचाराचाच भाग आहे असं मी म्हणतो ते म्हणून.

परतणं शक्य असतं का? डेन्मार्कमध्ये १८ ते ६० वयाच्या, पहिल्यांदाच हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या ११,८८० लोकांचा मागोवा घेतला गेला. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे दाखल होण्याआधी कामकरी वर्गातले होते. वर्षभरानंतर त्यांतले सुमारे ६८ टक्के कामाला परतलेले होते, २५ टक्के परतलेले नव्हते आणि सुमारे ७ टक्के दगावले होते. म्हणजे तिघांतले दोघे परतले. पण कोण परतलं तेही पाहायला हवं. तरुण परतले, पुरुष जास्त परतले, आणि उच्च शिक्षण घेतलेल्यांची परतण्याची शक्यता जेमतेम शाळा झालेल्यांच्या दुप्पट निघाली. शिकलेल्याचं हृदय काही वेगळ्या मातीचं नसतं. मी याचा अर्थ असा लावतो की ज्याला खुर्ची आहे, वेळ थोडी मागेपुढे करता येते, घरून एखादा दिवस काम करता येतं, तो तरतो. ज्याचं काम अंगमेहनतीचं आणि घड्याळाला बांधलेलं आहे तो गळतो. आपल्याकडे हिंजवडीत बसून कोड लिहिणारा आणि भोसरीत फोर्जिंगवर उभा राहणारा यांच्यात हेच अंतर आहे. दोघांचा इको सारखा असला तरी.

आता कायदा पाहू. त्यात काहीच नाही असं नाही, आणि जे आहे ते कामगारांना माहीत नाही याची मला फार खंत वाटते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. साध्या आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के. पण दीर्घ आजारांची ३४ नावांची एक यादी आहे, आणि तीत हार्ट फेल्युअर स्पष्ट शब्दांत आहे. हृदयाच्या स्नायूंचे आजारही आहेत, ईएफ ४५ टक्क्यांच्या खाली आणणारा हार्ट अटॅकही आहे. या यादीतल्या आजाराला ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत विस्तारित लाभ मिळू शकतो. अट सलग दोन वर्षांच्या विमापात्र नोकरीची आणि त्या काळात १५६ दिवसांच्या वर्गणीची. कितीतरी जण ९१ दिवस संपले म्हणून, दम लागत असतानाही, कामावर येतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पण याच योजनेत एक गाठ आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या ६३ व्या कलमाने ठरवलं की ज्या दिवशी माणूस काम करतो त्या दिवशी त्याला आजारपणाचा लाभ नाही. ऐकायला रास्त वाटतं. परिणाम मात्र असा की चार तास काम केलं की दिवसाचा लाभ पूर्ण गेला आणि पगार अर्धाच मिळाला. कोण येईल मग चार तासांसाठी? ज्या व्यवस्थेने माणसाला हळूहळू कामाकडे आणायला हवं, तीच त्याला सांगते की पूर्ण घरी बस नाहीतर पूर्ण कामाला ये.

जर्मनीत हे उलट आहे. तिथे आजारी कामगार डॉक्टरांनी आखून दिलेल्या टप्प्यांनी परततो: आधी दोन तास, मग चार, मग सहा. या काळात तो कागदोपत्री आजारीच धरला जातो आणि त्याचा आजारपणाचा भत्ता चालू राहतो. वर्षात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिलेल्या कामगाराशी बसून परतीची योजना आखण्याचा प्रस्ताव मालकाने ठेवायचा, हे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: मालकाला मिळणाऱ्या आजारपणाच्या दाखल्यावर आजाराचं नाव नसतं. ब्रिटनने २०१० पासून डॉक्टरांचा दाखलाच बदलला. 'कामास योग्य नाही' याच्या शेजारी 'पुढील गोष्टी सांभाळल्या तर कामास योग्य' असा पर्याय आला, आणि त्याखाली चौकटी: टप्प्याटप्प्याने परतणं, बदललेले तास, बदललेलं काम, कामाच्या जागेत फेरफार. आपल्या कारखान्यांतले लोक ज्याला 'लाईट ड्यूटी' म्हणतात, तीच तिथे सरकारी कागदावर आली.

आपल्याकडे ते जमेल का, याचा हिशेब करून पाहू. महिना २०,००० पगाराचा कामगार विस्तारित लाभावर घरी बसला तर त्याला साधारण १६,००० मिळतात, सगळे ईएसआय महामंडळाकडून. तोच अर्धा दिवस कामावर आला आणि लाभही निम्मा चालू राहिला, तर मालकाकडून १०,००० आणि महामंडळाकडून ८,०००, असे १८,००० त्याच्या हातात पडतील. महामंडळाचे ८,००० वाचतील. मालकाला नवशिक्याऐवजी तयार हात मिळेल, तोही अर्ध्या पगारात. यात कुणाचं नुकसान आहे ते मला कुणी दाखवून द्यावं. मुदत असावी, समजा सहा महिने. दर महिन्याला डॉक्टरांनी तास वाढवावेत किंवा आहेत तेवढेच ठेवावेत. तास अर्धे आणि उत्पादनाचं टार्गेट पूर्ण, अशी लबाडी होऊ नये म्हणून टार्गेटही त्या प्रमाणात कागदावर असावं.

मालकांची हरकत मी अनेकदा ऐकली आहे आणि ती खोटी आहे असं म्हणणार नाही. "उद्या शेडमध्ये काही झालं तर जबाबदार कोण? भरपाईचा दावा कोण भरणार?" ही भीती खरी आहे. पण आज काय होतं ते पाहा. नोकरी जाईल म्हणून माणसं आजार लपवतात. गोळ्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरून आणतात, छातीत यंत्र आहे हे वेल्डिंग विभागात असूनही सांगत नाहीत. आर्क वेल्डिंगच्या चुंबकीय क्षेत्राने आयसीडीच्या कामात बाधा येऊ शकते, आणि तो माणूस तिथे गप्प उभा असतो. मालकाला धोका टाळायचा असेल तर कामगाराने मोकळेपणाने सांगावं अशी परिस्थिती करावी लागेल, आणि सांगितल्याबद्दल नोकरी जाणार असेल तर कुणीही सांगणार नाही. नव्या कामगार संहितांनी चाळिशी पार केलेल्यांसाठी वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आणली आहे. चांगली गोष्ट आहे. पण तपासणीत ईएफ कमी निघाली तर पुढे काय, याचं उत्तर नसेल तर लोक ती तपासणी चुकवतील.

काही कामं या माणसांनी करू नयेत हेही मी तितक्याच स्पष्टपणे म्हणतो. आयसीडी बसवलेल्याने प्रवासी बस चालवू नये. उंच परांचीवर, भट्टीसमोर, विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात खडी फोडायला अशक्त हृदयाचा माणूस पाठवू नये. पाणी काढणारं औषध चालू असताना उष्म्याने तो झपाट्याने कोलमडतो. चौथ्या श्रेणीतल्या रुग्णाला तर काम नको, सन्मानाने निवृत्तिवेतन हवं. आणि ज्याला आठ तासच झेपत नाहीत त्याला बारा कसे झेपणार? राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच राहतील असं सांगितलं जातं. हृदयासाठी मात्र चार दिवस बारा तास आणि सहा दिवस आठ तास यांची बेरीज सारखी नसते. वैद्यकीय कारणाने नकार देण्याची सोय त्या नियमात ठळकपणे हवी, आणि तो नकार बेशिस्त धरला जाऊ नये.

अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांना अनेक हार्ट अटॅक येऊन गेले होते. पदावर असतानाच, जून २००१ मध्ये त्यांच्या छातीत आयसीडी बसवलं गेलं, आणि जानेवारी २००९ पर्यंत ते पदावर राहिले. दिमतीला डॉक्टर, गाडी, आपल्या हातातलं वेळापत्रक. तेवढं कुणी मागत नाही. पण हृदय अधू असूनही जबाबदारीचं काम निभावता येतं, सोयी असल्या तर, एवढं त्यातून नक्की दिसतं.

सरकारी नोकराला त्यातल्या त्यात बरं आहे. अर्धवेतनी रजा साठलेली असते, ती पूर्ण पगारी रजेत परावर्तित करता येते, मेडिकल बोर्ड असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांगितलं की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्या, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा, पद निर्माण करा. फार सुंदर तरतूद आहे. पण त्या कायद्याच्या २१ अपंगत्वांच्या यादीत हृदयाचा आजार नाही, आणि ही तरतूद खासगी मालकाला लागू नाही. खासगीत तर चित्र उलटं आहे. दीर्घ आजारपणामुळे नोकरी संपवली तर ती कायद्याच्या भाषेत 'कामगार कपात' धरलीच जात नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा अपवाद होता, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो तसाच आला. म्हणजे मशीन आलं म्हणून काढलं तर कपातीची भरपाई, आणि हृदय थकलं म्हणून काढलं तर तीही नाही. संहिता नव्याने लिहिताना ही ओळ कुणाला खटकली नाही, याचं मला दुःख होतं.

बायकांचं तर याहून बिकट. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत हृदय अशक्त होण्याचा एक आजार आहे. त्यातल्या अनेक जणी पुढच्या सहा महिन्यांत सावरतात, पण त्या सहा महिन्यांत त्यांना विश्रांती लागते. प्रसूती रजा २६ आठवड्यांची, आजारपणासाठी वर एक महिना. रजा संपली की नोकरी सोडण्याचा सल्ला पहिल्यांदा घरातून येतो. आणि घरात कसली लाईट ड्यूटी? पाणी भरणं, कणीक तिंबणं, ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर नेणं, यासाठी तिच्याकडे कुणी फिटनेसचा कागद मागत नाही. घरकाम करणाऱ्या बाईला ना ईएसआय, ना रजा. चार घरांतलं एक घर सोडायचं म्हटलं तर चौथा हिस्सा पगार गेला. दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान, ठेकेदाराकडे खंड पडत पडत काम करणारा कंत्राटी कामगार, २१,००० च्या थोडं वर गेल्याने ईएसआयबाहेर पडलेला ऑपरेटर, यांच्यापर्यंत मी मांडलेला अर्ध्या दिवसाचा हिशेब आज पोचत नाही. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून तिथेच आहे. ती वाढवणं ही पहिली पायरी, आणि वर्गणीत खंड पडला तरी दीर्घ आजाराचा लाभ तुटू नये ही दुसरी.

६३ व्या कलमाची सुरुवात मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: विनियमांत, म्हणजे कायद्याखाली केलेल्या नियमांत, काही वेगळी तरतूद केली असेल ती वगळून, असं ते कलम म्हणत होतं. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या कामाला अर्धा लाभ द्यायचा तर संसदेत नवा कायदा आणण्याची गरज पूर्वीही नव्हती. ईएसआय कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेखालच्या नियमांसाठी ही मागणी कामगार संघटनांनी लेखी द्यायला हवी.

आणि तोवर आपल्या हातात वेतनकरार आहे. तेलंगणा राज्य परिवहन महामंडळाच्या एका चालकाला रंगांधळेपणामुळे अपात्र ठरवून निवृत्त केलं गेलं. रंगांधळेपणाही दिव्यांग कायद्याच्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला: पर्यायी काम शोधून न पाहताच त्याला घरी पाठवता येणार नाही, त्याला काम द्या. त्या निकालाला मोठा आधार ठरला तो महामंडळ आणि संघटना यांच्यात १९७९ साली झालेल्या करारातल्या एका कलमाचा. रंगांधळ्या ठरलेल्या चालकाला दुसरं काम द्यायचं, असं तेव्हाच्या पुढाऱ्यांनी त्यात लिहून घेतलं होतं. आपल्या पट्ट्यात दर तीन-चार वर्षांनी करार होतात. वाढ किती, बोनस किती, कँटीनचा दर किती यावर रात्र रात्र जागून बोलणी होतात. पुढच्या मागणीपत्रात लाईट ड्यूटीचं कलम घाला: डॉक्टरांनी तास लिहून द्यायचे, आजाराचं नाव नाही, सहा महिने मूळ पगाराला हात नाही, आणि तीन महिने पूर्ण उपचार झाल्याशिवाय कुणालाही अनफिट ठरवायचं नाही.